‘संगीत मानापमान’ कुणाला भावला, कुणाला खटकला: एकाच सिनेमावर इतकी वेगवेगळी मतं का?

१० जानेवारी २०२५ रोजी ‘संगीत मानापमान’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. राजेशाही काळ, भरजरी कपडे, तलवारी, गाणी आणि मध्यभागी एक रुसव्याफुगव्याची प्रेमकथा. हलकंफुलकं, कुटुंबासोबत बघता येईल असं मनोरंजन, असा त्याचा बाज. दिग्दर्शक आणि नायक सुबोध भावे, नायिका वैदेही परशुरामी, खलनायक सुमीत राघवन आणि संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं.

सिनेमा आल्यावर सोशल मीडियावर दोन टोकांची मतं दिसू लागली. ‘मराठीत असा भव्य संगीतपट हवाच होता’ असा एक सूर, तर ‘नाव मानापमान, पण आत मानापमान कुठे आहे?’ असा दुसरा. काहींना गाणी खूप आवडली, काहींना तीच जास्त वाटली. एकाच सिनेमाबद्दल इतकं वेगळं कसं वाटू शकतं? त्यासाठी हा सिनेमा कशावरून आला आणि कोण कोणत्या अपेक्षेने तो बघायला गेलं, हे समजून घ्यावं लागतं.

गोष्ट नेमकी काय आहे?

भामिनी ही श्रीमंत घरातली मानी मुलगी. धैर्यधर हा पराक्रमी, पण खिशाने रिकामा तरुण. भामिनीच्या वडिलांना जावई म्हणून धैर्यधर पसंत आहे, तिला मात्र गरिबाच्या घरी जायचं नाही. ती त्याचा अपमान करते. तोही मानी असल्यामुळे दुखावतो. पुढे भामिनी आपली ओळख लपवून, वनमाला नावाची साधी गरीब मुलगी बनून त्याच्यासमोर जाते. ज्या मुलीने अपमान केला तिच्यावर त्याचा राग आहे आणि समोरच्या वनमालेवर त्याचं मन जडतं. या दोघी एकच आहेत हे प्रेक्षकाला माहीत असतं, त्याला नसतं. कथेतली सगळी गंमत या एका गोष्टीवर उभी आहे.

वेष बदलून प्रेम पारखण्याची ही युक्ती जगभरच्या रंगभूमीवर चालत आली आहे. इंग्रजी नाटककार ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांच्या १७७३ सालच्या ‘शी स्टूप्स टू काँकर’ या प्रसिद्ध विनोदी नाटकातही श्रीमंत घरची नायिका कामवालीचं सोंग घेऊन नायकाला जिंकते. प्रेक्षकाला एक गुपित माहीत असणं आणि पात्राला ते माहीत नसणं, यातून येणारा विनोद दोन्हीकडे सारखाच आहे.

मूळ नाटक कधीचं आणि कुणाचं?

‘संगीत मानापमान’ हे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी लिहिलं. खाडिलकर लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी आणि ‘केसरी’चे संपादक. त्यांचं १९०७ सालचं ‘कीचकवध’ हे नाटक महाभारतातल्या कथेआडून ब्रिटिश राजवटीवर बोट ठेवतं, असं सरकारला वाटलं आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतर लगेच आलेलं ‘मानापमान’ हे मात्र प्रेमाचं, विनोदाचं आणि गाण्यांचं नाटक होतं. खाडिलकरांचं हे पहिलं संगीत नाटक.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. पदांना चाली दिल्या होत्या गोविंदराव टेंबे यांनी. भामिनी साकारली बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांनी. तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत आणि बालगंधर्व त्यातले सर्वात लाडके नट होते. त्याच दिवशी त्यांच्या तान्ह्या मुलीचं निधन झालं होतं, तरी त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. हा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासात आजही सांगितला जातो. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर होते आणि श्रीमंत पण भित्र्या लक्ष्मीधराची विनोदी भूमिका गणपतराव बोडस यांनी केली होती.

या नाटकाचं वजन किती होतं हे १९२१ च्या एका प्रयोगावरून कळतं. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्या मुंबईत एका रंगमंचावर आल्या. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. ‘संयुक्त मानापमान’ या नावाने हा प्रयोग अजरामर झाला. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवरावांचं निधन झालं.

म्हणजे २०२५ चा सिनेमा ज्या गोष्टीवर बेतला आहे, ती शंभराहून अधिक वर्षं मराठी घरांत कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकली जाते आहे. कुणाच्या आजोबांनी प्रयोग पाहिला, कुणी रेडिओवर पदं ऐकली, कुणी शाळेच्या स्पर्धेत त्यातलं पद म्हटलं. असं नाव सिनेमाला दिलं की प्रेक्षक थिएटरमध्ये येण्याआधीच त्याच्या मनात एक ‘मानापमान’ सुरू झालेला असतो. मतांची पहिली फूट इथेच पडते.

पहिला मुद्दा: गाणी बदलली, हे चालेल का?

सर्वात जास्त चर्चा झाली ती संगीताची. सिनेमात मूळ नाटकातली काही पदं आहेत, पण बरीच गाणी नवी आहेत. संगीतकार त्रयीला मराठी नाट्यसंगीत नवं नव्हतं. सुबोध भावे यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटात त्यांनी हाच प्रयोग केला होता. जुनी पदं ठेवायची आणि त्यांच्या शेजारी नवी गाणी बसवायची. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या त्या सिनेमाला मोठं यश मिळालं आणि त्यातल्या गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

नाट्यसंगीताच्या जुन्या रसिकांचा आक्षेप साधा आहे. ‘मानापमान’ म्हणजे मुळात त्यातली पदं. ती कमी झाली किंवा त्यांच्या शेजारी वाद्यवृंदाचा मोठा आवाज आला, तर उरलं काय? नव्या श्रोत्यांचं म्हणणंही तितकंच साधं आहे. नाट्यपद पहिल्यांदाच ऐकणाऱ्या विशीतल्या मुलाला आधी कानाला ओळखीचं काहीतरी लागतं, नवी गाणी तो दरवाजा उघडतात.

इथे इतिहास मदतीला येतो. १९११ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी ज्या चाली दिल्या, त्यांत उत्तर हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाचा मोठा वाटा होता. साकी, दिंडी अशा वृत्तांवर वाढलेल्या त्या वेळच्या श्रोत्यांसाठी हा नवाच बाज होता. पुढे बलवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी धैर्यधराची पदं आपल्या आक्रमक, चपळ तानांच्या ढंगात गाऊन त्यांना वेगळाच चेहरा दिला. आज अनेकांच्या कानात धैर्यधराचा जो आवेश आहे, तो दीनानाथांच्या गायकीतून आलेला आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, तेही कुणीतरी बदललेलंच रूप आहे.

पण म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. टेंबे आणि दीनानाथ यांनी बदल केला तो रागदारीच्या आणि पदाच्या चौकटीत राहून. सिनेमाच्या गाण्याचं गणित वेगळं असतं. तिथे गाणं चार-पाच मिनिटांत संपवायचं असतं आणि प्रसंग, नाच, कॅमेरा या सगळ्यांना जागा द्यायची असते. गायकाने एक ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने आळवत राहावी, प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ द्यावा, ही नाट्यसंगीताची मुख्य मजा पडद्यावर येऊ शकत नाही. रसिकांना जे हरवल्यासारखं वाटतं ते हेच आहे. ‘गाणी वाईट आहेत’ आणि ‘ही गाणी माझ्या ओळखीची मजा देत नाहीत’ ही दोन वेगळी मतं आहेत, पण चार ओळींच्या पोस्टमध्ये ती एकच होऊन जातात.

दुसरा मुद्दा: विनोद कमी झाला की बदलला?

मूळ नाटकात हसू येतं ते बहुतेक लक्ष्मीधरामुळे. पैसा भरपूर, धैर्य शून्य. त्याच्या भित्रेपणासमोर धैर्यधराचं शौर्य उठून दिसतं. सिनेमात समोरचा मुख्य माणूस आहे चंद्रविलास, म्हणजे सुमीत राघवन. हा सत्तेचा लोभ असलेला खलनायक आहे. त्यामुळे गोष्टीचा तोल बदलतो. नाटकात प्रतिस्पर्ध्यावर हसायचं असतं, सिनेमात त्याच्यापासून सावध राहायचं असतं. कारस्थानं, लढाया, थरार यांना जागा मिळते आणि दोन मानी माणसांमधली नोकझोक थोडी मागे सरकते.

सुमीत राघवन यांचं काम अनेकांना आवडलं. पण ‘हलकीफुलकी प्रेमकथा’ समजून गेलेल्यांना सिनेमा लांबल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हा बदल असू शकतो. प्रेमविनोदी गोष्टीचा वेग संवादांवर चालतो. एक टोमणा, त्याला उत्तर, मग गैरसमज. त्यामध्ये दर थोड्या वेळाने गाणं आणि लढाई आली की वेग तुटतो. संगीतपट म्हणून गेलेल्याला मात्र तेच हवं असतं.

याच महिन्यात, १ जानेवारी २०२५ ला, आणखी एक जुन्या काळातली विनोदी गोष्ट पडद्यावर आली होती. ती म्हणजे परेश मोकाशी यांचा ‘मु. पो. बोंबिलवाडी’. तोही नाटकावरूनच आला. काळ १९४२ चा, कोकणातलं गाव आणि तिथे चक्क हिटलर येऊन पडतो, तोही प्रशांत दामले यांच्या रूपात. तिथे इतिहास खरा आहे का, असा प्रश्न पडत नाही, कारण पहिल्या मिनिटापासून सिनेमा सांगतो की ही थट्टा आहे. ‘मानापमान’समोरची अडचण इथे दिसते. तो एकाच वेळी भव्यही आहे आणि गमतीशीरही. तलवारी बघून प्रेक्षक गंभीर होतो आणि मग रुसवेफुगवे पाहून हसावं की नाही, या संभ्रमात पडतो.

तिसरा मुद्दा: काळ खरा वाटायला हवा का?

‘असे कपडे तेव्हा होते का?’, ‘ही भाषा कोणत्या काळातली?’ असे प्रश्न ऐतिहासिक सिनेमांबद्दल नेहमी विचारले जातात. शिवकालीन चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाला तशी सवयही लागली आहे. पण ‘मानापमान’ हा इतिहास नाही. खाडिलकरांनी कुठल्याही खऱ्या राजाची गोष्ट सांगितली नव्हती. धैर्यधर आणि भामिनी ही कल्पनेतली माणसं आहेत आणि त्यांचं राज्यही कल्पनेतलंच. त्यामुळे तपशिलांच्या अचूकतेपेक्षा त्या जगाचे नियम सिनेमाभर सारखे राहतात का, हे पाहणं जास्त योग्य.

जगभरात असे प्रयोग होतात आणि चालतातही. नेटफ्लिक्सवर २०२० पासून आलेल्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेत दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधले नाचाचे समारंभ आहेत आणि तिथे आजची पॉप गाणी व्हायोलिनवर वाजतात. बहुतेक प्रेक्षकांना ते खटकत नाही, कारण मालिका सुरुवातीलाच सांगते की हा खेळ आहे.

चौथा मुद्दा: भामिनीला धडा शिकवणं आज पटतं का?

हा मुद्दा कमी बोलला जातो, पण सर्वात महत्त्वाचा आहे. गोष्टीचा एक अर्थ असा निघतो की श्रीमंतीचा गर्व असलेल्या मुलीला नम्र व्हायला शिकवलं जातं. १९११ मध्ये वडिलांनी वर ठरवणं आणि मुलीने नकार देणं, हेच मोठं धाडस होतं. आज मुलीने स्थळ नाकारणं हा तिचा हक्क आहे. मग तिने नकार दिला म्हणून तिलाच बदलावं का लागावं?

दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर चूक तिच्या नकाराची नाही, अपमानाची आहे. नाटकाचं नावच ‘मान’ आणि ‘अपमान’ यावर आहे. धैर्यधरही काही संत नाही, तोही स्वतःच्या मानाला घट्ट धरून बसतो. दोघांनाही अहंकार सोडावा लागतो, असं वाचलं तर गोष्ट आजही तग धरते. वैदेही परशुरामी यांची भामिनी अनेकांना आवडली. ज्यांना ती ‘सुधारलेली मुलगी’ वाटली त्यांचा सूर नाराजीचा, ज्यांना ती ‘स्वतः पारखून निवडणारी मुलगी’ वाटली त्यांचा कौतुकाचा.

हा पेच फक्त शहरातल्या चर्चेचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. लग्नाला मुली मिळत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. ‘शेतकरी नवरा नको’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतं. धैर्यधराच्या जागी कोरडवाहू शेती असलेला मुलगा ठेवा, मग ‘मानापमान’ची पहिली पंधरा मिनिटं आजच्या स्थळं बघण्याच्या कार्यक्रमासारखी वाटतील.

पण नकार देणाऱ्या मुलीला फक्त ‘पैशाची लोभी’ म्हणणंही सोपं उत्तर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण घ्या. एकेकाळी दुष्काळ, स्थलांतर आणि दारूसाठी ओळखलं जाणारं हे गाव १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर बदलत गेलं. बांधबंदिस्ती, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, बोअरवेलवर बंदी आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. पाणी टिकलं, उत्पन्न वाढलं आणि गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. याच गावाने लग्नाआधी एचआयव्ही चाचणी करण्याचा नियमही स्वीकारला. पाणी, उत्पन्न, आरोग्य या गोष्टी लग्नाआधी बघणं म्हणजे गर्व नाही, असं अशा गावातला प्रेक्षक म्हणू शकतो. ‘शूर आहे, मग गरीब असला तर काय झालं?’ हा सिनेमातला प्रश्न तिथे ‘गरिबी हटवायला काय केलं?’ असा होतो. एकच गोष्ट वेगळ्या घरातून वेगळी दिसते ती अशी.

मतांवर खेळ कसे ठरतात?

प्रेक्षकांच्या मतांना इतकं महत्त्व का, याचं उत्तर थिएटरच्या वेळापत्रकात आहे. १० जानेवारीलाच राम चरण यांचा ‘गेम चेंजर’ आणि सोनू सूद यांचा ‘फतेह’ प्रदर्शित झाले. त्याआधीच्या महिन्यात आलेला ‘पुष्पा २’ अजून सुरू होता. मल्टिप्लेक्समध्ये पडदे मोजके असतात. पहिल्या तीन दिवसांत गर्दी दिसली नाही, तर सोमवारपासून खेळ कमी होतात किंवा सकाळी नऊ, दुपारी एक अशा अडचणीच्या वेळी ढकलले जातात.

हा वाद जुना आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ येणार म्हणून चांगल्या चाललेल्या ‘दुनियादारी’चे खेळ काढले जाण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा मनसेने विरोध केला होता. दोन वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा निर्णय जाहीर केला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ ठरली, वाद झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी वाढवण्यात आली.

त्यामुळे शुक्रवारी रात्री लिहिलेली ‘बकवास’ ही एका शब्दाची कमेंट मोठ्या हिंदी सिनेमाला फारशी लागत नाही. मराठी सिनेमाचं मात्र ती रविवारपर्यंत नुकसान करू शकते. उलट, न पाहताच ‘मराठी आहे म्हणून बघा’ असं सांगणंही फार काळ चालत नाही. प्रेक्षक एकदा फसला की पुढच्या चांगल्या सिनेमावरही विश्वास ठेवत नाही.

मत वाचताना कोणते प्रश्न विचारावेत?

हलक्याफुलक्या, जुन्या काळातल्या प्रेमकथेबद्दल कुणाचं मत वाचताना काही साधे प्रश्न उपयोगी पडतात.

लिहिणारा कशाशी तुलना करतोय? नाटकाशी, ‘कट्यार’शी, की आजच्या एखाद्या हिंदी सिनेमाशी? ‘कट्यार’ ही दोन घराण्यांच्या संघर्षाची गंभीर गोष्ट होती. तिथे गाणं हाच कथेचा विषय होता, म्हणून गाणी कथेला पुढे नेत होती. ‘मानापमान’मध्ये विषय प्रेमाचा आहे आणि गाणी त्याभोवती येतात. दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली.

तक्रार कशाबद्दल आहे? लांबी, वेग, दृश्य परिणाम या तक्रारी कुठल्याही प्रेक्षकाला लागू पडू शकतात. ‘मूळ पद नाही’ ही तक्रार मूळ पद माहीत असलेल्यालाच लागू पडते.

त्याने सिनेमा कुठे पाहिला? मोठ्या पडद्यावर, उत्तम ध्वनीत गाणी जशी भरून येतात, तशी मोबाइलवर येत नाहीत. उलट मोबाइलवर लांबीचा त्रास कमी होतो, कारण थांबवून पुन्हा बघता येतं.

आणि शेवटचा प्रश्न, तुम्हाला स्वतःला काय हवंय? नाट्यसंगीताची ओढ असेल, तर सिनेमाआधी किंवा नंतर बालगंधर्व, मास्टर दीनानाथ आणि वसंतराव देशपांडे यांच्या आवाजातली ‘मानापमान’ची पदं ऐका, ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. बालगंधर्वांबद्दल कुतूहल वाटलं, तर २०११ चा रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ बघा. त्यात बालगंधर्वांची भूमिका सुबोध भावे यांनीच केली होती. भामिनी अमर करणाऱ्या नटाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याने चौदा वर्षांनी धैर्यधर व्हावं, हा योगायोग लक्षात घेतला तर या सिनेमामागची ओढ कळते.

नाटकाचे प्रयोग पूर्वी रात्रभर चालत. नंतर ते तीन तासांवर आले, पदं कमी झाली, पुरुषांऐवजी स्त्रिया भामिनी करू लागल्या. प्रत्येक टप्प्यावर काही रसिकांना वाटलं असेल की आता पूर्वीचं राहिलं नाही. तरीही ११४ वर्षांनी भामिनीने बरोबर केलं की चूक, यावर लोक मोबाइलवर वाद घालत आहेत. सिनेमा आवडला की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण वाद घालण्याआधी आपण नाटकाबद्दल बोलतोय, गाण्यांबद्दल की सिनेमाबद्दल, एवढं स्पष्ट केलं तरी निम्मी भांडणं मिटतील.